वापरलेली बीएमडब्ल्यू ३३० आय, सोलापुरात: चौदा महिने आणि एकवीस हजार किलोमीटर

ऑफिसात येणारा जवळजवळ प्रत्येक क्लायंट फायली टेबलावर ठेवायच्या आधी खिडकीतून खाली बघतो आणि विचारतो, "मॅडम, सोलापुरात हिचं सर्व्हिस सेंटर नाही, काही झालं की पुणं गाठायचं. मग जुनी बीएमडब्ल्यू घेतली तरी कशी?" प्रश्न रास्त आहे. घेण्याआधी सहा महिने मीही स्वतःला हेच विचारत होते. आता चौदा महिने झालेत, एक उन्हाळा, एक पावसाळा आणि उसाचा एक अख्खा हंगाम गाडीने बघितलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी अशी: बीएमडब्ल्यू ३३० आय एम स्पोर्ट, निळी, नोंदणी फेब्रुवारी २०२० ची, पाटी एमएच-१२, एकच मालक. घेतली तेव्हा मीटरवर ३८,४०० किलोमीटर होते. मी २८ लाख ४० हजार दिले. हे मॉडेल भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये आलं तेव्हा एक्स-शोरूम ४७ लाख ९० हजारांना होतं. आपल्याकडे वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, वर विमा. म्हणजे पहिल्या मालकाने रस्त्यावर आणेपर्यंत पंचावन्न लाखांच्या आसपास मोजले असणार. पाच वर्षांत किंमत निम्मी झाली. अशा गाड्यांचा सगळा मोह ह्या एका वाक्यात आहे आणि फसायची जागाही तीच, कारण किंमत निम्मी होते पण पार्टांचे दर निम्मे होत नाहीत. ब्रेकपॅड पंचावन्न लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतात.

मी सीए आहे. ऑफिस सात रस्त्याजवळ, घर जुळे सोलापुरात. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत ऑडिट असतात, आणि आई भावाकडे पुण्यात असल्यामुळे महिन्यातून दोनदा तरी पुणं होतंच. आधीची डिझेल सेडान नऊ वर्षं चालवली. मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. नव्वद साली वडिलांनी होम मैदानावर पहाटे फियाट शिकवली तेव्हापासून आवडतं. ड्रायव्हर ठेव, मागे बसून काम होईल, असं सगळे सांगतात. पण पुण्याचे ते चार तास माझे असतात, ते मला कुणाला द्यायचे नाहीत.

घरात ह्यांचं म्हणणं होतं की तेवढ्या पैशात नवी कोरी उंच एसयूव्ही येते, वॉरंटीसकट, आणि गावातल्या गावात सर्व्हिस होते. चूक काहीच नव्हतं त्यात. मी दोन एसयूव्ही चालवून बघितल्या. दोन्ही चांगल्या होत्या, पण वळणावर अंग टाकत होत्या. ३३० आय मागच्या चाकांवर चालते, वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलेलं, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. कंपनी सांगते शून्य ते शंभर ५.८ सेकंदांत. हा आकडा मी कधी ताडून बघितला नाही, गरजच पडली नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांची हीच गाडी तुळजापूरच्या घाटात पाच मिनिटं चालवली आणि माझ्यापुरता विषय संपला. वळणात स्टीअरिंग जेवढं फिरवलं तेवढीच गाडी वळली, कमी नाही की जास्त नाही.

ह्याच गाडीचा लांब अवतार, ग्रॅन लिमोझिन, जानेवारी २०२१ मध्ये आला. दोन चाकांमधलं अंतर ११० मिलिमीटरने जास्त, मागची सीट ऐसपैस. मागे बसणाऱ्यासाठी घेत असाल तर तीच बघा. मी पुढे बसणारी, म्हणून आखूड घेतली. एम ३४० आयसुद्धा मनात येऊन गेली, सहा सिलिंडर, ऑल व्हील ड्राइव्ह, पण ती वापरलेलीही माझ्या बजेटच्या फार वर होती.

शोधायला सहा महिने लागले. त्यातल्या तीन गाड्यांबद्दल सांगितलंच पाहिजे.

पहिली हैदराबादची, टीएस पाटी. फोटो झकास आणि किंमत माझ्या गाडीपेक्षा तीन लाखांनी कमी. सोलापूरकरांना हैदराबाद, कलबुर्गी, विजयपूर सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अशा गाड्या आपल्याकडे खूप येतात. पण परराज्यातली गाडी कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स नव्याने. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होत जातो, तरी एवढ्या गाडीला लाखांतच जातो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण त्या कागदामागे किती फिरावं लागतं हे क्लायंटांच्या ट्रकांवरून मला ठाऊक आहे. हिशेब मांडला तेव्हा तीन लाखांची बचत जागीच संपली.

दुसरी पुण्यातल्या एका डीलरकडची. मीटर ४८ हजार. "मॅडम, सगळी सर्व्हिस बाहेर केलीय, बिलं नाहीत," असं त्याने सांगितलं. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, जिथून माणूस रोज चढतो-उतरतो, ती खचून चकचकीत झाली होती. ४८ हजारांत लेदर एवढं झिजत नाही. दार उघडून खांबाच्या आतल्या बाजूला बघितलं तर ऑइल बदलल्याचा छोटा स्टिकर अर्धवट खरवडलेला होता. बोट ओलं करून पुसला. तारीख दोन वर्षांपूर्वीची आणि किलोमीटरचा आकडा ६१ ने सुरू होणारा. मी त्याला फोनवर फोटो काढून दाखवला. तो म्हणाला, स्टिकर दुसऱ्या गाडीचा असेल. तोच डीलर कोटेशनमध्ये पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लावत होता. जुन्या गाडीवर जीएसटी विक्रेत्याच्या नफ्यावर असतो, म्हणजे त्याची खरेदी आणि विक्री ह्यांतल्या फरकावर. पाच लाखांचा फरक होता ह्या एका ओळीत. तुम्ही सीए नसलात तरी एवढं लक्षात ठेवा, आणि मालकाकडून थेट घेतलीत तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

तिसरी मुंबईची. तिच्यावर जास्त लिहित नाही. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघितला. वरचा सगळा पट्टा स्वच्छ होता आणि तळाशी, जो भाग एरवी गुंडाळलेलाच राहतो तिथे, मातकट रेघ होती, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. गाडी पाण्यात उभी होती. सीटच्या रुळांवर गंज होता तोही नंतर दिसला. मी चहासुद्धा न घेता निघाले.

मग पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ भेटले, ओळखीतून. त्यांना मी काका म्हणते. मुलीकडे परदेशी जायचं होतं म्हणून गाडी काढत होते. घरी गेल्यावर त्यांनी गाडीच्या किल्लीआधी एक निळी बॉक्स फाइल पुढे केली. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक बिल, पंच करून, तारखेच्या क्रमाने. विम्याच्या पाच पॉलिसी. टायरच्या पंक्चरचंसुद्धा एक बिल होतं, दीडशे रुपयांचं. दोन तास मी ती फाइल वाचली. काकू मध्ये पोहे देऊन गेल्या. काका शेजारी बसून पेपर वाचत होते, मध्येच म्हणाले, "सावकाश बघा, घाई नाही." गाडी मी अजून बघितलीही नव्हती, पण घ्यायचं ठरत आलं होतं. जुनी महागडी गाडी घेताना आपण खरं तर मागच्या मालकाची सवय विकत घेतो, आणि ती सवय रंगावर दिसत नाही, बिलांवर दिसते.

फाइलमध्ये दोन गोष्टींवर मी पेन्सिलने खूण केली. एक, टायरचं एकही बिल नव्हतं, म्हणजे चारही टायर पहिलेच. दोन, बॅटरीचं बिल वर्कशॉपचं नव्हतं, एका साध्या बॅटरीवाल्याचं होतं आणि रक्कम फारच कमी होती. ह्या दोन खुणा पुढे सव्वा लाखाच्या वर पडल्या.

बघायला मी आमच्या मिस्त्रीमामांना सोलापूरहून नेलं. वडिलांच्या फियाटपासून ह्या घरच्या गाड्या त्यांनीच बघितल्यात. आदल्या रात्री पुण्याला मुक्काम केला, आणि काकांना सांगितलं होतं की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सातला पोचलो. मामांनी कुणाशी न बोलता आधी बोनेटवर तळहात ठेवला. दहा सेकंद तसाच ठेवला. मग म्हणाले, "गार हाय, ताई. आता मारू द्या स्टार्टर." गरम करून ठेवलेलं इंजिन सगळे दोष लपवतं, थंड इंजिन लपवू शकत नाही. सुरू झालं, तीस-चाळीस सेकंद जरा मोठ्याने चाललं आणि शांत झालं. साखळीचा खडखडाट नाही, मागे निळा धूर नाही. मामा सायलेन्सरपाशी उकिडवे बसले होते, हाताने वारा घेतल्यासारखा धूर नाकाशी आणत. "पाणी पीत नाय, तेल पीत नाय," एवढंच म्हणाले.

नंतर त्यांनी टायरवर बोट ठेवून मला खाली वाकायला लावलं. टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे ४१ आणि १९ होतं, म्हणजे २०१९ चा एक्केचाळिसावा आठवडा. नक्षी अजून अर्धी शिल्लक होती, बघणाऱ्याला टायर चांगलेच वाटले असते. पण मामांनी नख रोवलं तर कडेला केसांसारख्या बारीक भेगा उघडल्या. "रबर म्हातारं झालं. उन्हाळ्यात सोलापूरच्या रोडवर ह्येच्यावर जाऊ नका." फाइलने सांगितलेलंच टायरने सांगितलं.

मामांचं काम कानाचं आणि हाताचं. स्कॅनरचं काम पुण्यातल्या एका गॅरेजात करून घेतलं जिथे युरोपियन गाड्या होतात. तपासणीचे सहा हजार दिले. रॅम्पवर घेऊन खालून बघितली, रंगाची जाडी मोजली, गाडीतल्या निरनिराळ्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेले किलोमीटर मीटरशी ताडून बघितले. मीटर फिरवणारा समोरचा आकडा बदलतो, आतल्या सगळ्या नोंदी बदलत नाही. सगळीकडे ३८ हजार. रंगाचं मीटर बाकी सगळीकडे १२० ते १३० मायक्रॉन दाखवत होतं, फक्त मागच्या डाव्या दरवाजावर २६०. फाइल उघडली: २०२२ ची विम्याची क्लेम पावती, मागचा डावा दरवाजा, ओरखडा, रंग. जुळलं. तीस लाखांचा व्यवहार असताना सहा हजार वाचवू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

मी टायर आणि बॅटरी दाखवून दीड लाख कमी मागितले. काकांनी एक लाख दहा हजार कमी केले, आणि बॅटरीचं बिल बघून स्वतःच म्हणाले की ही त्यांनी लॉकडाऊननंतर घाईत बसवली होती. आरटीजीएस केलं. पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी सोलापुरी चादर आणि घरची शेंगाचटणी घेऊन गेले. काकूंनी चटणी तिथल्या तिथे चाखली.

कागदांचं एकच सांगते. कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेचं पत्र घेऊन फॉर्म ३५ भरून तो आधी उतरवला, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदललं. ह्यात एक महिना गेला. पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बोजा, विमा आणि चलनं स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. राज्यातल्या राज्यात असल्यामुळे टॅक्स पुन्हा नाही आणि पाटीही तीच. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र गाडीचा नसतो, मालकाचा असतो. काकांचा काकांकडेच राहिला. माझा जुन्या गाडीचा मी इकडे आणला, नाहीतर हप्ता बराच जास्त बसला असता. जुनी गाडी विकताना ह्या बोनसचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्यायला बहुतेक लोक विसरतात.

सिद्धेश्वराच्या देवळात नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी टायर बदलले.

आता चालवण्याबद्दल. पुणं-सोलापूर हा पासष्ट नंबरचा हायवे साधारण अडीचशे किलोमीटर, सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार टोल. लोक मला विचारतात, किती पळवता? मी शंभरच्या वर नेत नाही. ह्या रस्त्यावर त्याहून जास्त वेग म्हणजे जिवाशी खेळ आहे. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल, दुभाजकाच्या फटीतून एकदम आडवा येणारा ट्रॅक्टर, ढाब्यावरून वळून न बघता निघणारा टेम्पो, हे रोजचं आहे. ताकदीचा उपयोग पळवण्यासाठी नाही, सुटण्यासाठी होतो. दोन ट्रक शेजारी-शेजारी चाललेत आणि मधून वाट मिळाली, तर साठवरून नव्वदला ही गाडी एवढ्या लवकर जाते की धोक्याच्या जागेत आपण क्षणभरच असतो. जुन्या डिझेलमध्ये तेवढ्याला श्वास रोखून बसावं लागायचं.

आणि ब्रेक. डिसेंबरमधली गोष्ट. मोहोळ मागे टाकलं होतं, रात्रीचे साडेनऊ, उसाचा हंगाम ऐन भरात. समोर अंधार होता, नुसता अंधार, आणि मग तो अंधार हलतोय असं दिसलं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना लोंबलेल्या. शेजारच्या लेनमध्ये बस. मी ब्रेकवर उभी राहिले. पेडलखाली एबीएसची थरथर लागली, गाडी रेषेत राहिली, शेपूट हललं नाही, स्टीअरिंग ओढलं नाही. थांबले तेव्हा उसाची पानं बोनेटच्या पुढे हातभरावर होती. हेडलाइटमध्ये त्यांवरची धूळ दिसत होती. बाजूला सासूबाई होत्या, त्यांनी फक्त "सिद्धरामा" म्हटलं. मामांनी टायर बदलायला लावले नसते तर काय झालं असतं ह्याचा विचार मी घरी पोचल्यावर केला. कारखानदारांनी हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक ट्रॉलीला लाल कापड आणि रिफ्लेक्टर सक्तीचे करावेत, हे ह्या निमित्ताने लिहून ठेवते. माझे काही क्लायंट हे वाचतील.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे. त्या पंच्याहत्तरच्या, गुडघे दुखतात. गाडी बुटकी, बसायला खाली जावं लागतं आणि उठताना वर यावं लागतं. पहिल्या महिन्यात त्यांना खरंच त्रास झाला. मग पुढची सीट बटणाने पूर्ण वर आणि मागे घ्यायची, त्यांनी आधी आडवं बसायचं आणि दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, असं जमवलं. उतरताना मी सीट पुन्हा वर घेते. आता अक्कलकोट, पंढरपूर त्या माझ्याबरोबर येतात. मागे मात्र दोघांचीच गाडी समजा. मधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा उंचवटा जातो, मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही. घरात नियमाने पाच माणसं फिरणार असतील तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

गतिरोधकांना मी घाबरत होते. शहरातले बहुतेक तिरपं घेऊन निघतात. आमच्या कॉलनीतला एक लोकांनी स्वतः सिमेंट ओतून केलेला आहे, तिथे चौघं बसले असतील तर पोट घासतं. मी तो रस्ता सोडला. खड्ड्यांचं दुखणं वेगळं. टायर रनफ्लॅट आहेत, म्हणजे हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येतं. त्याची किंमत अशी की टायरच्या कडा दगडासारख्या कडक असतात. लहान खड्डा जुन्या गाडीत कळायचा नाही, हिच्यात कमरेला कळतो. गेल्या पावसात पुण्याहून येताना पाण्याने भरलेला एक खड्डा दिसला नाही. पाच मिनिटांत डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याची खूण आली. मोहोळच्या थोडं अलीकडे होते, रात्र होत होती, एकटी होते. ७० ने सरळ घरी आले, कुठे थांबावं लागलं नाही. टायर मात्र गेला, कडेला फुगा. सोलापुरात त्या मापाचा रनफ्लॅट मिळाला नाही, पुण्याहून यायला तीन दिवस लागले. तेव्हापासून एक जास्तीचा टायर मी घरी आणून ठेवलाय, आणि बाहेरगावी राहणाऱ्या कुणालाही तेच सांगेन.

बॅटरीची खूण एप्रिलमध्ये खरी ठरली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन सुरू व्हायला पाहिजे, ते कधीच व्हायचं नाही, आणि सकाळी बॅटरीची सूचना यायची. ह्या गाडीला एजीएम प्रकारची बॅटरी लागते, ती डिकीत असते, आणि नवी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते. नाहीतर नवी बॅटरी आहे हे गाडीला कळत नाही आणि ती जुनीसारखीच चार्ज होत राहते. आधीच्या बॅटरीवाल्याने साधी बसवली होती आणि नोंदही केली नव्हती. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात तिने मान टाकली. योग्य बॅटरी बसवून नोंद केल्यापासून एकही सूचना नाही.

उन्हाळ्याबद्दल अजून एक. एसी उत्तम आहे, पण मे महिन्यात एकाएकी हवा कमी यायला लागली. मला वाटलं कॉम्प्रेसर, आणि पोटात गोळा आला. मामांनी आतला फिल्टर काढला तर त्यावर टॉवेलच्या तुसाचा थर, अक्षरशः बोटभर, उशीतला कापूस ओढून काढावा तसा निघाला. दिवसभर टेरी टॉवेलच्या कारखान्यांच्या आवारात गाडी उभी असते, दुसरं काय होणार. आता दर चार महिन्यांनी फिल्टर बदलते. एमआयडीसीत फिरणाऱ्यांनी, गाडी कुठलीही असो, हे करून बघा.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं टाकते, कंपनी तेच सुचवते. गावात लिटरला आठ, हायवेवर तेरा-साडेतेरा किलोमीटर मिळतात.

चौदा महिन्यांचा खर्च माझ्या वहीतून: चार टायर ९४ हजार, नंतरचा बदललेला एक आणि घरी ठेवलेला एक मिळून ४८ हजार, बॅटरी नोंदीसकट ३४ हजार, विमा ६२ हजार, दोन ऑइल सर्व्हिस मिळून ४७ हजार, ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड ३८ हजार, फिल्टर वगैरे किरकोळ ९ हजार. एकूण ३ लाख ३२ हजार, पेट्रोल आणि टोल सोडून. गाडी घेतानाच मी तीन लाख वेगळे काढून ठेवले होते, त्यामुळे एकाही बिलाला धक्का बसला नाही. जो २८ लाख कसेबसे जमवून गाडी घेईल त्याला हाच खर्च पहिल्या वर्षी जड जाईल, आणि मग तो टायर ढकलत नेईल, सर्व्हिस पुढे ढकलेल, आणि त्याच्यानंतरच्या मालकाला भेगा पडलेली गाडी मिळेल. तुमच्याकडे २८ असतील तर २५ ची गाडी बघा.

सर्व्हिस मी पुण्यातच करते. ऑइल कंपनीच्या सूचनेची वाट न बघता दहा हजार किलोमीटरच्या आत बदलते, इथल्या धुळीत आणि उन्हात ते मला बरं वाटतं. ह्या इंजिनाला तेल मोजायची काडी नाही, पातळी स्क्रीनवर बघावी लागते. मामांना ते अजून पटलेलं नाही. दर महिन्याला येतात, बोनेट उघडतात, सगळ्या रबरी नळ्यांवरून हात फिरवतात, कुलंटची बाटली टॉर्च लावून बघतात. टर्बो इंजिनाच्या उष्णतेत प्लॅस्टिकचे जोड काही वर्षांनी ठिसूळ होतात, म्हणून ते दर वेळी पुठ्ठा घेऊन गाडीखालची फरशी तपासतात. आतापर्यंत पुठ्ठा कोरडा आहे.

काकांचा मागच्या आठवड्यात फोन आला होता, मुलीकडून. गाडी कशी आहे विचारत होते, आणि फाइलमध्ये माझी बिलं लावतेय ना, हेही. मी त्यांना फोटो पाठवला. निळी फाइल भरली, आता दुसरी लावलीय, तिच्या पहिल्या पानावर माझ्या चारही टायरांचं बिल आहे. मीटर ५९,४०० वर आलंय. येत्या सोमवारी सकाळी नऊची पुण्याची वेळ घेतलीय: ऑइल, ब्रेक ऑइल, आणि गिअरबॉक्सचं ऑइल ऐंशी हजार किलोमीटरला बदलायचं की आत्ताच, हे तिथल्या माणसाला रॅम्पखाली उभं करून विचारायचं आहे. मामा बरोबर येतायत.